शनिवारचा बैल

हन्नोक वाकरूळकर चित्र घेऊन यायचा
तेव्हा आधी माप सांगायचा, मग पैसे नाहीत म्हणून,
आणि मग कागद उलगडायचा.
डोंगरीच्या उतारावर माझं फ्रेमांचं दुकान,
सहा बाय आठ.
भिंतीला देव, लग्नं, मयतांचे फोटो,
त्यांच्यात त्याचं गाव
लाकडाच्या भुशात टेकून उभं.

दिवसा तो गोदीत खोक्यांवर पत्ते रंगवी.
मोंबासा. बसरा. काचेचा माल. ही बाजू वर.
रात्री त्याच काळ्यात टर्पेंटाइन, चिमूटभर हळद.
हळद कशाला?
तर म्हणे, आमच्याकडच्या उन्हाला दुसरा रंग लागत नाही.

गावात काय? एक विहीर,
दोराने चिरत नेलेला तिचा काठ.
खाचरात वाकलेल्या आगरणी,
चेहरा एकीचाही नाही, सगळ्या नुसत्या पाठी.
ओट्यावर डिनाबाई आणि येरुशाबाई,
मांडीवर हात, हातात काही नाही.
अर्ध्या कौलांवर धूर, अर्ध्यांवर नाही,
हे माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली.
आणि तेलाचा घाणा. शेजारी बैल, सुटा.
झापडं खुंटीला.

हा कधी फिरत का नाही, मी विचारलं.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जशी मी त्याला तडकलेली काच दिली.
"शनिवार आहे ना," म्हणाला.

मग त्यांची माणसं निघाली.
आधी मामेभाऊ रहमीम, बायको, चार पोरं, शिवणयंत्र.
"हन्नोक, आपली विहीर दे," म्हणाला.
खोकं मी केलं, पत्ता त्याने घातला:
हैफा. काचेचा माल. ही बाजू वर.
पुढच्या चित्रात विहीर नव्हती.
बायकांच्या कमरेवर घागरी होत्या,
त्या कुठून भरल्या ते गावालाच ठाऊक.
"विहीर कुठे?"
"दिली."
"परत काढ की."
"दिलेलं परत काढतात का?"

शेगुला नर्सने खाचर मागितलं,
तिला वाळवंटातलं गाव मिळालं होतं.
ओटा गेला, ओट्यासकट डिनाबाई गेली.
चिंच, पाणंद, देवळामागची टेकडी.
वाकरूळ कधी न पाहिलेल्या एका पोराने
कौलांवरचा धूर मागितला, दिला.
घाणा नेला थोरल्या बहिणीच्या जावयाने,
अडीच बाय तीन, सागाची पट्टी, रोख.

बैल कुणी मागितला नाही.

शेवटचा आला तो एका शुक्रवारी,
दिवेलागणीच्या आधी, घाईत.
एका हातात मलिदा, केळीच्या पानात,
गोड पोहे, खोबरं, वर गुलाबाची एक पाकळी,
दुसऱ्या हातात कागद.
नुसती माती आणि बैल.
घाणा नाही तर तो बांधलेला म्हणावा की सोडलेला?
"आज वार कोणता यात?" मी विचारलं.
तो आभाळाकडे बघत होता.
"उशीर होईल," म्हणाला, आणि गेला.

त्याच्या मातीला आठजण जमले.
दहा लागतात, म्हणून ठाण्याला फोन गेला.
टॅक्सी येईपर्यंत सगळे सावलीत थांबलो.
मी होतो. पण मी मोजणीत नव्हतो.

त्या चित्राला दोन बाजूंनी पट्टी ठोकलीय,
दोन बाजू कापून ठेवल्यात, खिळेही बाजूला काढलेत.
गिऱ्हाईक विचारतं, विकायचा का हा बैल?
मी म्हणतो, कुणीतरी मागायला येईल.
परवा पुठ्ठा लावायला म्हणून उलटा केला,
तर पाठीवर गोदीतलं त्याचं अक्षर,
ठसठशीत, ओळीत:
ही बाजू वर.
पत्त्याची जागा आखलेली,
कोरी.