खटका

जांभळी नाक्याच्या आतल्या गल्लीत
हुजैफाभाईंनी काचेवर जुना पेपर पसरला
आणि तीन चाकू मांडले, मिटलेले.
"नाखवा, तिन्ही बटणाचे. एका हातानं उघडतील."
माझ्या डाव्या हाताकडे त्यांनी पाहिलं नाही.
जुन्या गिऱ्हाइकाला
हे न पाहणंही ते तोलून देतात,
खिळ्यांसारखं.

वागळे इस्टेटमधल्या एका प्रेसखाली
माझी दोन बोटं राहिली, त्याला अकरा वर्षं झाली.
तेव्हापासून साधा चाकू दातांनी उघडतो.
गोडाऊनमधली पोरं हसत नाहीत.
तेच जास्त लागतं.

पहिल्याच्या मुठीवर लाल किल्ला, सोनेरी,
बिस्किटांच्या डब्यावर असावा तसा.
दुसऱ्यावर बंदूक रोखलेला जवान.
त्याला मुठीत धरून मी काय करणार?
खोक्यांच्या पट्ट्या कापणार, दुपारी काकडी,
आणि सुतळी, सुतळी, सुतळी.
एवढ्यासाठी त्याला रोज खिशात
उभा ठेवायचा,
बरं दिसत नाही.

तिसरा तिरंगी.
वर केशरी, मधे पांढरा, खाली हिरवा,
आणि चक्राच्या जागी बटण.
म्हणजे चक्र हेच बटण.
"दाबून बघा ना," हुजैफाभाई म्हणाले.
अंगठा थबकला.
चौथीत झेंड्याचं टोक मातीला टेकवलं म्हणून
पेडणेकर गुरुजींनी दिलेली छडी
अजून अंगात कुठेतरी आहे,
बहुधा याच अंगठ्यात.

मग दाबलं.
खट्.
खाडीच्या चिखलातून निवटा उसळावा
तसं पातं बाहेर.
मी दचकलो, आणि खरं सांगतो,
दचकून खूश झालो.
एक हात. फक्त एक.

पात्याच्या बुडाशी बारीक अक्षरं होती.
मी चष्मा काढेपर्यंत
हुजैफाभाईंनी पातं मिटवलं.
"कुठं बनलं ते सोडा हो, धार बघा."
धार होती.
पट्टी लावून लांबीही दाखवली त्यांनी,
"याहून मोठं मी दुकानात ठेवतच नाही.
उगाच चौकीवर चहा प्यायला कोण जाईल?"
साडेतीनशे म्हणाले. तीनशे दिले.
वीस मागाहून देईन म्हटलं,
तेही त्यांनी ऐकलं नाहीसं केलं.

रात्री चेंदणीच्या घरात
शर्वाणीनं भिंग लावून चाकू तपासला.
तिला सगळं मोजायची खोड,
जिन्याच्या पायऱ्या, माशाचे काटे.
"पप्पा, आरे बावीसच आहेत."
असू दे.
"चोवीस असतात! फसवलं तुम्हाला. बदलून आणा."
माहीत आहे गं, म्हटलं. राहू दे बावीस.
ती बघत राहिली,
मग सुरमईच्या तुकडीकडे वळली.
मी डावा हात मांडीवर ठेवला होता, रोजच्यासारखा.
थोड्या वेळानं
ताटाशेजारी ठेवला.

आता सहा महिने झाले.
हिरवा आधी उडाला, तळव्याला तोच घासतो.
पांढऱ्यावर टेपच्या डिंकाचा पिवळा थर.
केशरी बरा आहे, त्याला कुणाचा हात लागत नाही.
बटण मात्र चकचकीत,
आरे बावीस होते की वीस
आता शर्वाणीलाही सांगता येणार नाही.

परवा पाचपाखाडीला, महापालिकेच्या दारात,
रखवालदारानं खिसे रिकामे करायला लावले.
किल्ल्या, पाकीट, तंबाखूची पुडी,
आणि हा.
मला वाटलं, आता प्रश्न येणार.
त्यानं चाकू उचलला, उलटा सुलटा केला,
ट्रेमध्ये परत ठेवला
केशरी वर येईल असा,
आणि पुडी तेवढी बाजूला सारली.
"काम झालं की घेऊन जा, काका."

काम झालं नाही. साहेब रजेवर.
येताना तो मी तसाच उचलला,
चिकट, डिंकानं.