जोंधळ्याचा अर्ज

दफ्तरातला रुमाल सोडला की आधी शिंक येते,
मग इतिहास.
सव्वीस वर्षं मी मोडी वाचते आहे,
हा क्रम अजून चुकलेला नाही.

या रुमालात खैरमळी आहे.
मुळेच्या अलीकडे, खडकीच्या छावणीपासून
हाकेच्या नाही, पण तोफेच्या टप्प्यात.
तीस उंबरे, एक चावडी, एक आड,
आणि खालच्या अंगाला चिबड जमीन,
जिथे म्हशीसुद्धा विचार करून उतरायच्या.

लढाईच्या पुस्तकांत खैरमळी नाही.
तिथे नकाशे आहेत, नकाशांवर बाण,
आणि दोन बाणांच्या टोकांमध्ये
बोटभर कोरी जागा.
त्या कोऱ्या जागेत येसू कोम राणू पवळे हिचा
जोंधळा होता.
गुडघाभर.

अर्ज कुळकर्ण्याच्या हातचा, बोलणं तिचं.
कळतं ते.
कुळकर्णी 'नुकसान जाहले' लिहून थांबला असता,
ही थांबत नाही:
जोंधळा सव्वा बिघा, तुडवला.
मेंढवाडा मोडला. मेंढरं अकरा, सापडली सात,
पैकी एक आमचं नव्हे.
दुसरे दिवशी वसुबारस. गाय आली, वासरू आलं नाही.
आडात घोडा पडला आहे.
तो कोणाचाही असो, काढावा.

गाव आदल्या रात्रीच डोंगराआड गेलं होतं.
मागे राहिला सिदनाक येसकर,
कारण वेस राखणं त्याच्याकडे,
आणि 'तूही चल' असं त्याला कुणी म्हटल्याची नोंद नाही.
त्याची जबानी अर्जाला जोडली आहे,
साडेतीन ओळी.
'दिवस कलता घोडी आली. चिबडात रुतली.
मी ओरडलो, इकडून येऊ नका.
माझं कोण ऐकतो.'
पुढची अर्धी ओळ कसरीनं खाल्ली आहे.
एकच शब्द शाबूत: दोन्हीकडचे.
त्या एका शब्दावर माझी एक अख्खी दुपार गेली.

खरी गंमत मायन्यात आहे.
वर 'श्रीमंत स्वामींचे सेवेसी'.
त्यावर आडवी रेघ, घाईची नव्हे,
भाकरी उलथावी तितक्या सवयीची.
खाली, त्याच बोरूनं, 'कंपनी सरकार बहादूर'.
शाई तेवढी पातळ.
मधे पंधरा-वीस दिवस गेले असतील,
आणि एक राज्य.
मजकुरात अक्षर बदललेलं नाही.
मेंढरं अकराच.
घोडा अजून आडातच.

पाठीवर शेरा: 'चौकशी करून कळवणे.'
कुणी, कुणाला, ते नाही.

त्यानंतर गाव मोडीत सापडत नाही.
छावणी वाढत गेली,
कारखान्याचा भोंगा आला, चाळी आल्या, कंपाउंड आलं.
खैरमळीचं नाव एका बस थांब्याला काही वर्षं होतं म्हणे,
मग थांबाही पुढे सरकला.

मी राहते तिथेच, तिसऱ्या मजल्यावर.
हे मला रुमाल सोडेपर्यंत माहीत नव्हतं.
दर आश्विनात आमच्या तळघरात पाणी चढतं.
बिल्डर म्हणतो, पाइप फुटलाय.
चार वर्षं पाइप सापडत नाही.
सेक्रेटरी मुदलियार काका, बत्तीस वर्षं दारूगोळा कारखान्यात,
काडतुसं मोजून पेट्यांत भरली,
आघाडी म्हणून कधी पाहिली नाही,
ते पँट दुमडून मोटर लावतात
आणि मला म्हणतात, मॅडम, तुमचं मराठी चांगलं,
महापालिकेला एक अर्ज लिहा.

लिहिला. मायना तेवढा राहिला.
त्यांना येसूबाईचा अर्जही वाचून दाखवला,
पायऱ्यांवर बसून, मोटरच्या आवाजात.
जोंधळ्याला ते काही बोलले नाहीत.
राज्यालाही नाही.
पाण्याकडे बघत शेवटी एवढंच विचारलं,
घोडा काढला का हो, मग?

नोंद नाही, म्हटलं.

त्यांनी मोटर बंद केली.
थोडा वेळ आम्ही दोघंही ऐकत राहिलो.