मेळ्याच्या मैदानात सराव

मी नगरनिगमात नक्षानवीस होतो, एकतीस वर्षं.
कुणाची भिंत कुणाच्या नालीवर चढली
ते लाल शाईनं दाखवायचो.
आता पुढ्यात जगाच्या प्रदर्शनाचा नकाशा:
एका बेटावर एकशे एकेचाळीस देश,
आमच्याकडे चार दिवस
आणि विद्युल्लतेचा एक गुडघा.

पुतणीनं तिकिटं पाठवली नि बजावलं,
काका, तिथं नुसतं जाऊन भागत नाही.
दालनांची सोडत निघते. दोन महिने आधी अर्ज,
मग सात दिवस आधी, मग तीन,
आणि शेवटी त्याच सकाळी, फाटकातच,
ज्याचा अंगठा चपळ त्याचा देश.
म्हटलं, हे तर कंट्रोलच्या रॉकेलसारखं झालं.
ती हसली नाही. तिनं ती रांग पाहिलेली नाही.

तेव्हा मी ट्रेसिंग पेपर काढला,
बेट थोडं आक्रसून
ग्वाल्हेरच्या मेळ्याच्या मैदानावर बसवलं.
बसतं. पूर्वेला जरा उरतं, तो समुद्र.

ज्येष्ठात मैदान ओसाड. शटरं ओढलेली,
कमानीखाली बकऱ्या,
पाळण्यांच्या जागी सिमेंटातून वर आलेले चार बोल्ट.
पहाटे साडेपाचला आम्ही टेम्पोतून उतरतो,
थर्मास, छत्री, गुडघ्याचा पट्टा.
जानेवारीत जिथं खजल्याची कढई असते तिथं जर्मनी.
लोखंडी तव्यांच्या ओळीत आखाती देश.
फ्रान्सपासून ब्राझील चौदा मिनिटं,
मध्ये एकदा टेकलं तर एकोणीस.
चौकीदार भदौरियानं पहिल्या दिवशी हटकलं होतं.
आता विचारतो, "साहब, आज कौन सा देस?"

चौथ्या दिवशी, इटलीच्या वळणावर ती बसली.
मला वाटलं गुडघा.
ती शटरवरचा आकडा बघत होती.

"इथंच होतं आमच्या महिला मंडळाचं.
मेतकूट, भाजणी, क्रोशाचे रुमाल.
माझी पाळी दुपारची. समोर मौत का कुआँ,
मोटारसायकल फिरली की पुड्या थरथरायच्या.
एकदा सबंध दुपारीत एकच माणूस थांबला.
मी उठले, पदर सारखा केला.
तो म्हणाला, बहनजी, सॉफ्टी किधर मिलती है?"

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात
हे मला ठाऊक नव्हतं.
आमचं लग्न तेव्हा व्हायचं होतं.
त्या थंडीत मीही तिच्यासमोरून गेलो असणार,
सॉफ्टी चाटत.

थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिनं विचारलं,
"यात असा कुठला देश आहे का, ज्याला सोडतच नाही?"

होते. यादीच्या तळाशी, एका सामाईक दालनात
पाच-पाच मीटरचे कप्पे, सव्वीस देश.
नावं वाचायला चष्मा पुसावा लागला.
काही बेटं एवढी
की माझ्या पेन्सिलीच्या टोकाखाली दोन मावतील.
एका फोटोत एक बाई: टेबल, तीन शंख, एक टोपली,
आणि कुणी येईलच असं ताठ बसणं.

"आधी इथं," विद्युल्लता म्हणाली.
"जर्मनी राहिली तर राहू दे."

घरी येऊन मी सगळं पुन्हा आखलं.
पहिला दिवस, सकाळ, सामाईक दालन.
वेळ किती? तिनं लिहायला लावलं: लागेल तितका.
असलं माप मी एकतीस वर्षांत
एकाही नकाशावर टाकलेलं नाही.

व्हिसा अजून आलेला नाही. पट्टा सैल झालाय.
ती म्हणते, त्या बाईकडून काहीतरी घ्यायचं,
भाव करायचा नाही,
आणि आपल्याकडची गजक द्यायची.
मी म्हणतो, निघायचं आश्विनात,
गजक बाजारात येते थंडी पडल्यावर.

"मग मेतकूट," ती म्हणते.
अगं, अजून चार महिने आहेत.
तोवर तिनं सुपात हरभऱ्याची डाळ घेतलेली असते.