निळा दोरा

रविवारी ब्रनोच्या जुन्या बाजारात
ओतमारने जाकीट आधी उलटं केलं.
"नक्षी नंतर. अस्तर बघ," म्हणाला,
"नक्षी काय, कुठंही छापून मिळते."
काखेजवळ पुसट शिक्का: दोन तलवारी, सदुसष्ट साल.
सुलटं केलं तर कापडभर
पाइनच्या सुया सांडल्यासारख्या तपकिरी रेघा,
चार बटणं जुनी, पाचवं कुणाच्या तरी कोटाचं.
कोपरावर रफू. हिरव्यावर निळा दोरा,
आणि टाके इतके बारीक
की बराकीतल्या हाताचे वाटेनात.

मी घासाघीस केली नाही.

आता ऑक्टोबरात अळंबी वेचायला तेच घालते.
काल झाडीत वाकले होते, टोपलीत जेमतेम तीन-चार,
आणि दहा पावलांवरून दालिबोर हाका मारत गेला,
मला ओलांडून, मग परत,
आवाज जरासा चिरकलेला.
ओ द्यायला हवी होती.
दिली नाही. लगेच नाही.
कापड आपलं काम करत होतं,
इतक्या वर्षांनी,
समोर कुणीही शत्रू नसताना.

मग म्हणे त्याला
माझं कोपर दिसलं.