एकशे सोळा

जूनची रात्र, तीन वाजलेले. बरक्याच्या दवाखान्यात
चौघांनी धरून हसुराम घरतला आणला.
काळ्या शर्टाच्या पाठीवर मिठाचा नकाशा,
पोटऱ्यांत गोळे,
आणि मला, त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान नर्सला,
तो ‘आये’ म्हणत होता.

पाणी पाजलंत का? मी विचारलं.
नेपाळी पोरगा म्हणाला, दीदी, पाणीच तर पीत होता
दिवसभर, बाटलीवर बाटली,
बोर्डावर लिहिलंय तसं.

रिपोर्ट आला. सोडियम एकशे सोळा.
एकशे पस्तीसच्या खाली गेलं की आमच्या भुवया वर जातात.

म्हणजे हा तहानेनं नव्हे, पाण्यानं बुडत होता,
कोरड्या वाळवंटात, कॉटवर.
घामावाटे मीठ गेलं, वरून नुसतं पाणी आलं,
रक्त अळणी झालं
आणि डोक्यातल्या पेशी फुगत गेल्या
भिजत घातलेल्या वालांसारख्या.

कामाला कुठे, तर समुद्रातलं मीठ काढून
पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर.
बाप उरणकडचा, मिठागरातला.
हे सगळं नंतर कळलं.
त्या वेळी मला फक्त शीर सापडत नव्हती.

तीन टक्क्यांचं सलाईन. मोजून, पंपावर.
घाई नको, डॉक्टर मथाई दोनदा बजावून गेले,
भराभर चढवलेलं मीठ मेंदू जाळतं.
पोटॅशियम जागेवर होतं, तेवढं नशीब;
मॉनिटरवरची हिरवी रेघ
ठेका न चुकवता चालली होती.
मी खुर्चीत. पायातले बूटही काढले नाहीत.

उजाडता एकशे एकवीस.
त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, ओशाळला.
“बापूस सांगायचा, मीठ बनवत नाय, पिकतं.
कोंडीत पानी सोडायचं न गप बसायचं.”
मग बराच वेळ छताकडे बघत,
“सिस्टर, आमी काढतो ते मीठ जातं कुठं?”
मी म्हटलं, तुम्हीच सांगा, काम तुमचं.
“दुसऱ्या पायपानं. परत दर्यात.”
आणि मग, पेज मिळेल का? मीठ घालून.

आमच्या दारावरही तेच पोस्टर आहे, ‘पाणी प्या’,
अरबी, हिंदी, मल्याळम, बंगालीत.
खाली मार्करनं मी लिहिलं: ‘मीठसुद्धा.’
मराठीत. वाचणारा एकच होता, तो आत झोपलेला.
सेफ्टीवाला आला, बघत उभा राहिला.
पुसलं नाही.
त्याला वाटलं, कुणाचं तरी नाव असेल.