एक्केचाळीस ई

रात्रीचे अडीच. सिडकोतली कुत्रीसुद्धा निजलीत.
माझं शरीर अजून टोरांटोतच, तिथे संध्याकाळचे पाच,
नातू बूट न काढता सोफ्यावर चढला असेल.
मी दिवा न लावता चिवड्याचा डबा काढतो.
झाकणाला ठाऊक असतं कोण झोपलंय;
मुद्दाम वाजतं.

तेहतीस वर्षं ओझरला विमानं खोलली आणि जोडली.
पंखाखाली पाठ टेकून जेवढा जगलो
तेवढा घरच्या छताखाली नाही.
पण बसलो नव्हतो कधी. लढाऊ विमानात
फिटरसाठी खुर्ची नसते.
चौसष्टाव्या वर्षी मिळाली, ती एक्केचाळीस ई:
मधल्या रांगेतली मधली,
पंख कुठल्याच बाजूने दिसणार नाही अशी.

उजवीकडे एक पोरगा. पट्टा बांधला, टोपी ओढली,
चौदा तास हलला नाही. पाणी नाही, संडास नाही.
मला त्याचा हेवा वाटला, मग राग, मग काळजी.
दोनदा श्वास चालू आहे का पाहिलं.

समोरच्याने पाठ मागे टाकली
आणि माझ्या गुडघ्यांचा हिशेब मिटवला.
पडद्यावरचं इवलं विमान कॅस्पियन समुद्रावर तटलं,
द्वारकेच्या चौकात उसाच्या ट्रॅक्टरमागे
सगळं तटतं तसं.
डोळे मिटून शंभर मोजले, उघडले:
तिथेच.

जेवण आलं. वरचा कागद पोळणारा, आतला भात गार.
शाकाहारी, एवढीच त्या भाजीची ओळख.
पुष्पलताने पर्समधून पुडी सोडली,
लसणाची कोरडी चटणी,
आणि तीन रांगांना कळलं आम्ही कुठले.
मागून एक हात आला, "काकू, चिमूटभर?"
हात निफाडचा निघाला.
खरं सांगतो, बाहेर उणे छप्पन्न होतं
आणि मला काहीही कमी नव्हतं.

मध्यरात्री, कुणाची ते विचारू नका,
शेपटाकडे गेलो. दारात बशीएवढी खिडकी.
मान वाकडी करून पाहिलं तर पंख!
वाकत, सावरत, भरल्या कावडीसारखा.
हवाईसुंदरीने विचारलं, बरं वाटत नाही का?
घाईत मला इंग्रजीतले फक्त पाय आठवले.
तिने संत्र्याचा रस दिला.
मी तो पंखाच्या नावाने प्यालो.

मग धक्के सुरू झाले.
लोक देवाला हाका मारू लागले, ज्याच्या त्याच्या.
पुष्पलताने माझं मनगट धरलं:
"हे तुम्ही बनवलंय का?"
"नाही."
"मग?"
मग काय. बनवलं असेल माझ्यासारख्याच कुणीतरी,
डबा खाऊन, हात पुसून, कार्डावर सही करून.
आमच्याकडे एकदा तेरा नंबरचा पाना सापडेना,
फळ्यावर नुसती त्याची रंगवलेली सावली.
अख्खा हँगर थांबला. साहेब, शिपाई, सगळे ओणवे.
संध्याकाळी तो खैरनारच्या बुटात निघाला
आणि तेव्हाच ते विमान जागचं हललं.
हे तिला सांगायला घेतलं, तर ती झोपलेली,
मनगट न सोडता.
हाताला मुंग्या आल्या. येऊ दिल्या.

आता चिवड्याने बोटं तेलकट होतील
म्हणून खण ओढतो, चमचा चाचपतो,
आणि हाती येतो एक बुटका, हलका, अनोळखी.
खिडकीशी नेऊन पाहतो:
दांड्यावर विमान कंपनीचं पाखरू.

म्हणजे कुठल्यातरी गोदामात या घडीला
कुणीतरी तबकं मोजतोय,
पुन्हा मोजतोय.
एक कमी.

आत पुष्पलता कूस बदलते.
मी चमचा शिगोशीग भरून घेतो.