आधी गटार

नचिकेतनं लॅपटॉप उघडला, म्हणाला, आजोबा,
वाघ कुठं ठेवू?
अण्णा म्हणाले, वाघाचं नंतर. उतार कुठंय?

तेहतीस वर्षं महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात काढलेला माणूस.
गेममध्ये पाणी वाहत नाही, हे त्यांना पटेना.
बिबवेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत
आलेखाचा कागद पसरला, पेन्सिलीला टोक काढलं
आणि जिराफापासून तिकीटखिडकीपर्यंत
एक गटार आखलं, जे कुणालाच दिसणार नव्हतं.

मग पाणघोडा. मग स्वच्छतागृहं, वाऱ्याची दिशा बघून.
माकडांसमोर भेळेची गाडी नचिकेतनं लावली,
अण्णांनी ती हलवायला लावली. "हातातलं ओढतात."

वाघाची पाळी आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा.
कुंपण किती, विचारलं तर बोलेनात.
मग म्हणाले, जुन्या पेशवे पार्कात
तुंबलेली मोरी काढायला उतरलो होतो एकदा.
मधे लोखंडी झडप. पलीकडे तो.
काम संपेस्तोवर त्याची पावलं ऐकत होतो.
सात, वळण. सात, वळण.
घरी आलो तरी झोपेत सातच यायचे.

माउस हातात घेतला, पहिल्यांदाच.
कुंपण ओढत नेलं टेकडीपलीकडे,
तळ्यापलीकडे, नकाशा संपला तिथपर्यंत.

आता लोक तक्रार करतात, वाघ दिसत नाही.
तिकिटं खपत नाहीत, शिल्लक लाल झालीय.
नचिकेत वैतागून झोपला.

अण्णा अजून बसलेत, चष्मा कपाळावर चढवून,
त्या हिरव्या पसाऱ्यात बोट फिरवत,
उतार कुठल्या बाजूला असेल.